फळीवरच्या खुणा

जुना लाकडी कॅमेरा टेबलावर ठेवला की आणणारा माणूस आधी पितळी पट्टीवरचं नाव दाखवतो. ते नाव मी सगळ्यात शेवटी वाचतो. आधी मागची घासलेली काच मोजतो.

वडीगोद्रीच्या फाट्यावर, सोलापूर-धुळे रस्त्याच्या कडेला माझं दुकान आहे. स्टुडिओची पाटी अजून आहे. फोटो काढून घ्यायला मात्र आता फारसं कोणी येत नाही, ते सगळं फोनमध्ये गेलं. येतात ते माळवदाच्या घरात, आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली पेटी घेऊन. अंबडहून येतात, घनसावंगीकडून येतात, शहागडला गोदावरीचा पूल ओलांडून गेवराईकडूनही येतात. पेटी उघडली की आत घडी घातलेला फिल्ड कॅमेरा असतो. महोगनी किंवा सागाचं लाकूड, पितळेच्या पट्ट्या, चामड्याचा भाता. आणि प्रश्न ठरलेला, "काका, हा कितव्या सालचा?"

माप आधी घ्यायचं कारण आहे. इंग्रज कारखान्यांत प्लेटची मापं इंचांत ठरलेली होती. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच, आपल्या पट्टीवर साधारण १२० बाय १६५ मिलिमीटर. फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ, क्वार्टर सव्वातीन बाय सव्वाचार. जर्मन कॅमेरा ९ बाय १२ किंवा १३ बाय १८ सेंटिमीटरचा निघतो, अमेरिकन ४ बाय ५ किंवा ५ बाय ७ इंचांचा. पट्टीवर लंडन आणि चौकट भरली १३ बाय १८, तर मी तिथंच थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागतो. काच फुटून कधीतरी बदललेली असते, म्हणून काचेवर एकट्यावर भरवसा ठेवायचा नाही. चौकटीचं आतलं माप आणि प्लेटहोल्डरचं माप, दोन्ही जुळली पाहिजेत.

नाव शेवटी वाचायचं, कारण ते बऱ्याचदा कॅमेरा बनवणाऱ्याचं नसतंच. त्या काळी इंग्लंडमधली छोटी वर्कशॉपं दुकानदारांसाठी कॅमेरे बनवून देत आणि दुकानदार त्यावर आपली पट्टी ठोके. मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या विक्रेत्यांनीही तेच केलं. अशी पट्टी कॅमेरा कुठं विकला गेला ते सांगते. काही नावं मात्र खरोखर कामाची. बर्मिंगहॅमच्या लँकेस्टरचा 'इन्स्टंटोग्राफ' १८८२ पासूनचा. थॉर्नटन-पिकार्ड कंपनी १८८८ ला मँचेस्टरमध्ये निघाली आणि १८९१ ला ऑल्ट्रिंगमला गेली, म्हणून ऑल्ट्रिंगम लिहिलेला कॅमेरा त्याआधीचा असू शकत नाही. जर्मनीत इका, एर्नेमान, कॉन्टेसा-नेटेल आणि गोर्झ या कंपन्या १९२६ साली एकत्र आल्या आणि झाइस इकॉन झाली. ते नाव दिसलं की १९२६ च्या मागं जाताच येत नाही. 'डी.आर.जी.एम.' ही जर्मन नोंदणीची अक्षरं १८९१ नंतरची. पण एवढ्यानं फक्त खालची हद्द कळते. पेटंटचं साल ही लोकांची आवडती चूक आहे. पट्टीवर १८९५ कोरलेलं असलं तरी तो कॅमेरा १९१० ला बनलेला असू शकतो, कारण पेटंटचं साल वर्षानुवर्षं तसंच कोरलं जायचं.

हे सगळं मला कोणी शाळेत शिकवलं नाही. काम शिकलो जुन्या जालन्यात, एका उस्तादाच्या हाताखाली. १९८१ साली औरंगाबाद जिल्ह्यातून जालना वेगळा झाला, त्या दिवसांत मी त्यांच्याकडं डार्करूममध्ये हायपोचे ट्रे धूत होतो. तोवर बहुतेक स्टुडिओंत रोलफिल्म आली होती. उस्ताद मात्र लग्नाचा ग्रुप किंवा शाळेचा वर्ग असला की लाकडी हाफ प्लेटच काढत. काच-प्लेटा कधीच्या बंद झालेल्या. होल्डरमध्ये पत्र्याची चौकट सरकवून त्यात कट फिल्म भरायची. डोक्यावर काळं कापड, काचेवर उलटं दिसणारं चित्र, आणि एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती: उस्ताद कापडाखाली फार वेळ जातच नसत. समोरची चौकट ओढून एका जागी आणत, खिट्टी आवळत, वर एकदा डोकावत आणि बाहेर येत. फोकस बिनचूक.

त्याचं गुपित तळाच्या फळीवर होतं. फळीच्या कडेला पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा होत्या आणि त्यांच्याशेजारी अक्षरं. एक रेघ अर्ध्या फोटोची, एक उभ्या माणसाची, एक ग्रुपची. वीस-पंचवीस वर्षांच्या कामात बसवलेल्या त्या जागा होत्या.

मी फाट्यावर दुकान टाकलं तेव्हा त्यांनी तो कॅमेरा मला दिला. मला तो उद्घाटनाला नवा दिसायला हवा होता. दोन दिवस बसून मी फळी पॉलिश पेपरनं घासली, लाखेचं पॉलिश चढवलं, पितळ ब्रासोनं लखलखीत केलं. उद्घाटनाला उस्ताद आले. कॅमेऱ्यापाशी गेले, फळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "रेघा कुठं गेल्या, बेटा?" पुढं काही बोलले नाहीत. पितळेवर कारखान्यातून आलेला लॅकरचा पातळ थर होता, तोही गेला. कोरलेल्या नंबरातला काळा रंग गेला. पण त्याचं मला तेवढं वाटलं नाही. त्या रेघा मी परत कधीच आखू शकलो नाही, आणि त्या दिवसापासून मी कोणत्याही जुन्या कॅमेऱ्याला पॉलिश लावलं नाही.

काही वर्षांपूर्वी शहागडच्या अलीकडच्या एका गावातून भाऊ-बहीण आले. भाऊ शेती बघणारा, मोसंबीची बाग आहे, बहीण शिक्षिका. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात फोटो काढायचे. पेटीत हाफ प्लेट कॅमेरा, तीन होल्डर, एक लेन्स. कोणीतरी फोनवर फोटो पाहून त्यांना सांगितलं होतं की हा १८५० सालचा, ओल्या प्लेटचा कॅमेरा आहे आणि लाखात जाईल.

ओल्या प्लेटचा तो नव्हताच, आणि हे सांगायला भिंगाचीही गरज पडली नाही. ओल्या कोलोडियनची पद्धत फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं १८५१ ला प्रसिद्ध केली. त्यात काच जागेवरच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायची. त्या होल्डरच्या कोपऱ्यांत आणि खालच्या कडेला नायट्रेटचे काळे डाग पडतात, लाकूड जळल्यासारखं होतं. इथले होल्डर पुस्तकासारखे उघडणारे, दोन प्लेटांचे आणि आतून स्वच्छ. आधी भरून ठेवता येतील अशा कोरड्या जिलेटिन प्लेटांची कल्पना रिचर्ड मॅडॉक्सनं १८७१ ला मांडली आणि त्या दशकाच्या शेवटी त्या बाजारात आल्या. असे पातळ, बगलेत मारून नेण्याजोगे कॅमेरे त्यानंतरचे.

होल्डरांवर एकपासून सहापर्यंत आकडे ठोकलेले होते आणि कॅमेऱ्याच्या चौकटीवर जो छोटा नंबर होता तोच होल्डरांच्या कडेलाही होता. ही मोठी गोष्ट. त्या काळी होल्डर ज्याच्या त्याच्या कॅमेऱ्याला बसवून घासलेले असत, एकाचा दुसऱ्याला लागत नसे. नंबर जुळला म्हणजे संच पहिल्यापासूनचा. फळीच्या मधोमध गोल पितळी कडं, त्यातच स्टँडचे तीन पाय अडकवायचे. भाता पुढं निमुळता होत गेलेला. लाकूड महोगनी, माप इंग्रजी. मुंबईच्या दुकानदाराची पट्टी, बनवणाऱ्याचं नाव कुठंच नाही. अशा अंगाचा कॅमेरा मी १८९० ते १९१५ मध्ये धरतो आणि त्याहून बारीक सांगायला कोणी आग्रह केला तरी सांगत नाही.

मग मी स्क्रू बघितले. बहुतेक एका खाचेचे, पण बिजागरीला दोन अधिकच्या खुणेचे. ते फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यापासूनचे, म्हणजे बिजागरी नंतर कधीतरी दुरुस्त झालेली. भाताही मूळचा नव्हता, रेक्झिनचा होता. घड्यांची कडा आणि आतलं कापड बघून मला लगेच ओळख पटली. हे काम हार्मोनियमवाल्याचं. आमच्याकडं उन्हाळ्यात लाकूड आकसतं, चामडं घडीवर तडकतं. भाता फुटला की कॅमेरा पेटीवाल्याकडं जायचा, कारण त्याचाही धंदा भात्याचाच.

खरी मौज लेन्सच्या फळीवर होती. तिथं झाइस येनाची टेसार लेन्स होती, १८ सेंटिमीटरची, कॉम्पुर शटरमध्ये बसवलेली. टेसारची रचना पॉल रुडॉल्फनं १९०२ ला केली, पण म्हणून ही लेन्स १९०२ ची होत नाही. नावाची कडी काढून दुसऱ्या लेन्सला लावता येते, म्हणून मी खोलीत अंधार करून समोर बल्ब धरतो आणि काचेतली प्रतिबिंबं मोजतो. हवेला लागलेल्या प्रत्येक पृष्ठाचं एक ठळक प्रतिबिंब, चिकटवलेल्या जोडाचं एक फिकट. पुढच्या भागात चार ठळक आणि मागच्या भागात दोन ठळक, एक फिकट दिसलं, म्हणजे टेसारच. काचेवर निळसर-जांभळी झाक नव्हती; ती झाक देणारा लेप झाइसमध्ये १९३५ ला शोधला गेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास आला. शटरचा वेग बाहेरची कडी फिरवून बदलायचा होता. कॉम्पुर निघालं १९१२ ला, पण आधीच्या कॉम्पुरवर वेगासाठी वरच्या बाजूला छोटी चकती असे. कडीचं कॉम्पुर साधारण १९२८ नंतरचं. लेन्सचा नंबर तेरा लाखांच्या घरातला. झाइस येनानं दहा लाखांचा टप्पा १९३० च्या आगेमागे ओलांडला. सगळे पुरावे एका जागी आले: १९३१ च्या आसपास.

म्हणजे कॅमेऱ्याचं अंग एका काळातलं आणि डोळा दुसऱ्या काळातला. लेन्स काढून पाहिली तर तिच्याभोवती फिकट लाकडाचं एक मोठं वर्तुळ होतं, कडेला तीन भोकं, मेणानं बुजवलेली. पूर्वी तिथं मोठ्या कड्याची पितळी लेन्स होती.

बहिणीनं होल्डरच्या पेटीतलं मखमलीचं अस्तर उचललं तेव्हा खाली घडी घातलेला कागद सापडला, उर्दूत. आमच्या वडिलांच्या पिढीला उर्दू वाचता यायचं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, शाळा-कचेऱ्यांत उर्दू चालायची. आता वाचणारे शोधावे लागतात. अंबडला नव्वदीकडं झुकलेले एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडं आम्ही तिघं गेलो. त्यांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला आणि वाचला. पावती होती, सन १३४६ फसली, रक्कम हाली रुपयांत. निजामाचा स्वतःचा सिक्का हाली, इंग्रजांचा तो कलदार. शंभर कलदारांना साधारण एकशे सोळा हाली पडत. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतं आणि ते साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं. म्हणजे ऑक्टोबर १९३६ ते ऑक्टोबर १९३७.

भाऊ म्हणाला, "मंग झालं की, काका. छत्तीस सालचा कॅमेरा."

त्या गृहस्थांना मी पुन्हा वाचायला सांगितलं. पावती जर्मन भिंग आणि शटर बसवून दिल्याची होती. कॅमेऱ्याचा त्यात उल्लेखच नव्हता. घरात सापडलेला कागद हातात आला की वाटतं आता सगळं मिटलं, आणि नेमका तिथंच माणूस चुकतो. कागद कोणत्या वस्तूचा आहे, हे आधी विचारलं पाहिजे.

दुकानात परतून मी फळी उघडली आणि कडेला तिरका उजेड पाडला. रेघा होत्या. दोन संच होते. एका संचाशेजारी मराठी आकडे, दुसऱ्याशेजारी उर्दू आकडे, शाईनं. टेसार लावून मी समोरच्या पाण्याच्या टाकीवर दूरचा फोकस घेतला. पुढची चौकट अगदी मराठी संचाच्या पहिल्या रेघेवर येऊन थांबली. उर्दू संचाची पहिली रेघ तिच्यापुढं तीन सेंटिमीटरवर. अठरा अधिक तीन, एकवीस सेंटिमीटर, म्हणजे सव्वाआठ इंच. जुन्या इंग्रजी हाफ प्लेट कॅमेऱ्यावर साधारण एवढ्याच लांबीची लेन्स असायची, बहुधा रॅपिड रेक्टिलिनियर. गेलेली लेन्स समोर नव्हती, पण ती केवढी होती हे तिच्या मालकानं फळीवर लिहून ठेवलं होतं.

मी बराच वेळ काही बोललो नाही. बहिणीनं विचारलं, "म्हणजे आधीचा मालक उर्दू लिहिणारा, आणि मराठी आकडे आजोबांचे?" मन तिकडंच धावत होतं. पण आजोबाही उर्दू शाळेतच शिकलेले. दोन्ही संच त्यांच्याच हातचे असू शकतात. त्यांना द्यायच्या चिठ्ठीत मी ते लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच: अंग इंग्रजी घडणीचं, १८९० ते १९१५; लेन्स आणि शटर १९३१ च्या सुमाराचं, बसवलं १९३६-३७ ला; भाता आणि बिजागरी नंतरची; याआधी सुमारे २१ सेंटिमीटरची दुसरी लेन्स होती. भाऊ थोडा हिरमुसला. लाखाची गोष्ट गेली होती. बहिणीनं मात्र त्या रेघांवरून, न टेकवता, बोट फिरवलं. त्यांनी कॅमेरा विकला नाही.

आमच्या भागातले सगळेच लाकडी कॅमेरे विलायती नाहीत, हेही सांगायला हवं. केरळात आलप्पुळ्याला के. करुणाकरन नावाचे कारागीर होते. घरचा धंदा हार्मोनियम आणि वाद्यांच्या दुरुस्तीचा. कॅमेऱ्याचा फुटलेला भाता त्यांच्याकडं दुरुस्तीला आला, आणि त्यातून १९४० च्या दशकात 'वागीश्वरी' कॅमेरा उभा राहिला. सागाचं अंग, पितळेचे कडी-कोयंडे, बाहेरून आणलेली लेन्स. देशभरच्या स्टुडिओंत तो चालला. कोणी वागीश्वरी आणतं आणि पट्टीवर आलेप्पी वाचून तोंड पाडतं, "म्हणजे आपलाच का? इंग्लिश न्हाई?" मला त्या तोंड पाडण्याचा राग येतो. परदेशी कारखान्यानं शेकडो कामगार लावून जे केलं ते एका पेटीवाल्यानं भात्याच्या घडीपासून सुरू करून केलं. मी तो कॅमेरा हातात घेतो तेव्हा लँकेस्टर किंवा थॉर्नटन-पिकार्डपेक्षा कमी अदबीनं घेत नाही.

मात्र सागाचं लाकूड आणि भरपूर पितळ म्हणजे वागीश्वरीच, असंही नाही. इंग्रज आणि जर्मन कारखाने उष्ण मुलखासाठी सागाचे 'ट्रॉपिकल' कॅमेरे मुद्दाम बनवत. आमच्या हवेत सरस सुटतो आणि चामड्याला कसर लागते, म्हणून त्यावर चामड्याचं आवरण नसे आणि जोड पितळी पट्ट्यांनी आवळलेले असत. असा खरा कॅमेरा दुर्मीळ. त्याची नक्कल मात्र आता शोभेसाठी बनते. नकलेत घासलेली काच कुठल्याच प्लेटच्या मापाला बसत नाही, होल्डर नसतो, भाता उघडून दिव्यासमोर धरला तर टाचण्यांएवढी भोकं चमकतात. त्या कॅमेऱ्यानं एकही फोटो निघाला नाही आणि निघणारही नाही.

लेन्सवरच्या आकड्यांनीही फसायला होतं. एका तरुणानं आणलेल्या जुन्या लेन्सवर ४, ८, १६, ३२, ६४ असे आकडे होते. तो खूश, एफ/४ ची लेन्स मिळाली म्हणून. ती १८८१ ची 'युनिफॉर्म सिस्टिम' होती. त्यात ४ म्हणजे आपला एफ/८, ८ म्हणजे एफ/११. फक्त १६ हा १६ च असतो. त्यालाही समजावून सांगितलं. तो आता त्याच लेन्सनं कागदावर निगेटिव्ह काढतो आणि दाखवायला आणतो.

मी आता सत्तरीकडं झुकलोय. डोळे बारीक कोरीव अक्षरांना दमतात. म्हणून वाचणाऱ्याला एवढं मागतो. तुमच्या घरात, माळवदावर, ट्रंकेत असा कॅमेरा निघाला, तर मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटका आणि थांबा. ब्रासो लावू नका, फळी घासू नका, फाटका भाता काढून टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आतली दमट हवा लाकडाला बुरशी लावते. सुती कापडात गुंडाळा. होल्डर रिकामे वाटले तरी कॅमेऱ्यापासून वेगळे करू नका. पेटीतला एकही कागद, अगदी न वाचता येणारासुद्धा, टाकू नका. आणि विकायचाच ठरवला तर देण्याआधी तळाची फळी उघडून तिरक्या उजेडात तिचा एक फोटो काढून ठेवा.